खदानीवरचं एकतिसावं घर

रूपला पहिल्याच भेटीत माझ्यावर ओरडला. "बूट काढा!"

मी तालुक्याचा इंजिनिअर. म्हणजे कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर जगणारा. पण गावात मोटारसायकल लावली की कंत्राटी माणूसही साहेब होतोच. धनजच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक तांडा लागतो. त्याला लागून असलेल्या बंद गिट्टी खदानीच्या जागेवर तीस घरकुलं बांधायची होती आणि मी जागा पाहायला आलो होतो. सरपंच धरमसिंग, ग्रामसेवक आणि सात-आठ रिकामटेकडे उभे होते. त्या सगळ्यांदेखत एक हाडकुळा, साठीला आलेला माणूस माझ्या पायांकडे बोट दाखवून ओरडत होता. मला राग आला. मला राग लवकर येतो आणि तो बहुतेक वेळा भलत्याच माणसावर निघतो.

"त्यायले ऐकू येत नाई साहेब," त्याची बायको गोमतीबाई म्हणाली. "म्हून जोरानं बोलते. भांडून नाई राह्यले ते."

अठरा वर्षं रूपला त्या खदानीत मशीनवर होता. सुरुंगाची दारू भरायला खडकात भोकं पाडायची, हे त्याचं काम. कानात चिंध्यांचे बोळे कोंबायचा, तेवढाच बंदोबस्त. पस्तिशीत कान गेले. तरी मालकाने त्याला बरीच वर्षं ठेवला, कारण दगड कुठून फुटेल हे त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. पुढे एकदा सुरुंगाची शिट्टी झाली, सगळे पळाले आणि हा तिथेच वाकून काम करत राहिला. कोणीतरी धावत जाऊन ओढून आणला. दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला घरी बसवला. त्यानंतर दोन वर्षं खदान मागच्या अंगाने कापली गेली, मग लीज संपली आणि मालक मशिनी घेऊन निघून गेला. खड्डा तसाच राहिला. त्यात पाणी साचलं, म्हशी बसल्या. नंतर रस्ता रुंद करणाऱ्यांनी त्यात आपला मलबा आणून ओतला. मुरूम, फुटके पाइप, नालीचा गाळ, ज्याच्या टिप्परमध्ये जे होतं ते. वर गवत उगवलं. सरकारी कागदावर ती जागा आता घरांसाठी मोकळी जमीन झाली होती.

खाली खडक कुठे आणि भराव कुठे, हे मात्र कागदावर नव्हतं. खडकावर बांधलेलं घर नातवंडं पाहतं. भरावावरचं दोन पावसाळे काढतं, मग बसतं. आणि घरकूल एका नावाला एकदाच मिळतं. ते बसलं तर सरकारच्या लेखी तुम्हाला घर मिळालेलं असतं आणि तुम्ही उघड्यावर असता.

तर मी बूट काढले. लखन मिस्त्रीने घण उचलून जमिनीवर आपटला. रूपलाने माझा खांदा धरून मला पाच-सहा पावलांवर उभं केलं होतं. "आलं?" त्याने विचारलं. मला काटे टोचत होते, बाकी काही आलं नव्हतं. त्याने मला पुढे नेलं. लखनने पुन्हा घण घातला आणि या वेळी टाचेत खालून कोणीतरी बोटाने टकटक केल्यासारखं झालं. "आलं!" मी म्हणालो. माझे ओठ वाचून तो एवढा खूश झाला, की मला त्याच्यावर रागावल्याची लाज वाटली.

त्याची युक्ती साधी होती. भरावावर घण घातला की दणका जागच्या जागी जिरतो. मूळ खडकावर घातला की तो दूर जातो, पाच-सहा पावलांवर उभ्या माणसाच्या टाचेत येतो. फसवणारी गोष्ट एकच, सुटा धोंडा. वरून ढकललेला मोठा धोंडा भरावात अडकून बसलेला असतो. त्यावर घण खणखणीत वाजतो, खोदताना पहारही थांबते, सगळे म्हणतात दगड लागला. पण त्याचा दणका दूर जात नाही. ऐकू येणाऱ्या माणसाला तो आवाज हमखास फसवतो. रूपलाला आवाजच नव्हता, म्हणून तो फसत नव्हता.

चार दिवस तो अनवाणी चालला. जिथे त्याने मान डोलावली तिथे आम्ही चुना टाकला. प्लॉटच्या ओळी वाकड्यातिकड्या आल्या. धरमसिंगला त्या सरळ पाहिजे होत्या, उद्घाटनाला फोटोत बऱ्या दिसतात म्हणून. मी म्हणालो, फोटोत राहायचं की घरात? ओळी वाकड्याच राहिल्या. फाइलीत मात्र 'भूस्तर तपासणी समाधानकारक' हे वाक्य मी दुसऱ्या एका फाइलीतून उतरवलं. कोणती तपासणी, कोणी केली, हे विचारणारा रकाना तिथे नव्हता आणि मीही तो आखला नाही.

तीस घरं उभी राहिली. तीन पावसाळे गेले आणि एकाही भिंतीला केसाएवढी भेग पडली नाही. रूपलाच्या टाचेला कान आहेत, असं लोक म्हणू लागले. कामरगावच्या एका दुकानदाराने गोदाम बांधायच्या आधी त्याला जीप पाठवून नेला आणि दुपट्टा-नारळ देऊन परत आणून सोडला. खदानीतून हाकललेला माणूस तांड्यात पुन्हा ताठ चालू लागला. सकाळी उठून तो घरं मोजल्यासारखा वस्तीतून एक चक्कर मारायचा. कोणाच्या ओट्यावर चहा, कोणाच्या ओट्यावर तंबाखू. मी कधी कामाला गेलो, की मलाही सोबत फिरवायचा आणि प्रत्येक भिंतीवर थाप मारून मोठ्याने सांगायचा, "पाहा! पक्की हाय का नाई?" सगळी वस्ती हसायची. तोही हसायचा, का ते ऐकू न येता.

त्याची मुलगी रीता त्या वेळी त्याच्याच घरात राहत होती. अकरा वर्षं नांदून ती परत आली होती. नवरा सुरतेला कामाला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. रूपलाचं घरकूल म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकाची जागा. भाऊ बबलू आणि भावजय ऊसतोडीहून परतले, की रीता आपली वाकळ उचलून बाहेरच्या टिनाखाली जायची. सहा-सात महिने टिनाखाली, बाकीचे घरात. तिला स्वतःचं घर पाहिजे होतं. त्यासाठी वेगळं रेशनकार्ड पाहिजे, नवऱ्याने टाकल्याचा दाखला पाहिजे, आणि टाकणारा कागदावर सही करायला थोडाच येतो. माझ्याच टेबलावर ती कितीदा आली असेल. प्रत्येक वेळी मी एक कागद कमी आहे असं सांगायचो. ती कधी चिडली नाही. पुढच्या खेपेला तो कागद घेऊन यायची.

चौथ्या वर्षी तिचं नाव यादीत आलं. त्या खेपेला आमच्या बाजूचं ते एकच नाव होतं. एकतिसावं घर.

चांगल्या जागा आधीच्या तीस घरांत संपल्या होत्या. मागच्या अंगाला वेड्या बाभळीचं रान होतं, ते जेसीबीने साफ केलं तेव्हा दोन प्लॉट निघाले. हा तो भाग, जो रूपलाला घरी बसवल्यावर कापला गेला होता. तिथलं त्याला काहीच माहीत नव्हतं. दोनपैकी कोणता खडकावर, हे टाचच सांगणार होती.

मे महिना होता. मला त्या दिवशी आणखी तीन गावं करायची होती आणि जागेचा फोटो मोबाइलवर चढवायचा होता. तो चढला नसता तर रीताचं नाव त्या वर्षीच्या यादीतून मागे पडलं असतं, हेही खरं. लखन घण घेऊन आला. गोमतीबाई डोक्यावर पदर घेऊन बाभळीच्या बुंध्यावर बसली. रीता पाण्याची कळशी घेऊन उभी होती. वस्तीतले पंधरा-वीस लोक जमले, कारण हा आता एक कार्यक्रम झाला होता. रूपलाने चपला काढल्या. तो वाळला होता. शुगर निघाली आहे, असं गोमतीबाईने मागे सांगितलं होतं. मी 'गोड कमी द्या' म्हणून विषय संपवला होता.

पहिल्या प्लॉटवर लखनने तीन वेळा घण घातला. रूपला डोळे मिटून उभा राहिला आणि त्याने नाही म्हणून मान हलवली. "पोला हाय."

तो दुसऱ्या प्लॉटकडे निघाला. मी त्याच्या मागे होतो. जमिनीवर टाकलेल्या चुन्याच्या रेघेवरून तो गेला आणि रेघेवर लाल ठिपका पडला. मग दुसरा. मी खाली पाहिलं. त्याच्या डाव्या टाचेत बाटलीची काच रुतलेली होती, बोटाच्या पेराएवढी. प्रत्येक पावलाला ती आत जात होती आणि तो चालत होता. लंगडत नव्हता. तोंडावर काही नव्हतं.

मला कळलं. ते मी नाकारत नाही. त्या क्षणी मला सरळ कळलं, की या माणसाच्या पायाला आता काहीच लागत नाही. काच लागत नाही, तर दणका कुठून लागणार? मग लगेच मी स्वतःला समजावलं, की खदानीत काम केलेल्या माणसाचं कातडं जाड असतं, यांना कसली काच लागते. मी इकडेतिकडे पाहिलं. लोक लखनच्या घणाकडे पाहत होते. मी म्हणालो, "चला, आटपा लवकर."

लखनने घण घातला. खण्ण आवाज आला. लोकांनी 'वा' म्हटलं. रूपला पुष्कळ वेळ उभा राहिला, नेहमीपेक्षा जास्त. पुन्हा घाल, अशी त्याने खूण केली. पुन्हा आवाज आला. त्याने डोळे उघडून आधी रीताकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. आमची तोंडं खुशीत होती. ती त्याने वाचली. "पक्का हाय," तो ओरडला. "बांधा!"

रीताने येऊन त्याला बुंध्यावर बसवलं, पायावर कळशी ओतली आणि काच काढून मागे फेकून दिली. "काय झालं?" त्याने विचारलं. तिने हाताने सांगितलं, काही नाही, माती. मी तिला प्लॉटवर उभी केली आणि फोटो काढला. फोटोत ती हसत नाहीये, पण अशा फोटोत कोणीच हसत नाही.

पुढचा पाया खोदताना चार फुटांवर पहार थांबली आणि सगळे म्हणाले, दगड लागला; मग मागेही तेवढंच खोदून थांबले. दिवाळीच्या आधी घर झालं. रीताने विटा स्वतः वाहिल्या, मातीकाम स्वतः केलं, दरवाजाला मोरपंखी रंग दिला. घरभरणीला मला बोलावलं होतं. वरण, बट्ट्या आणि वांग्याची भाजी. रूपलाने मला हाताला धरून प्रत्येक भिंतीवर थाप मारायला लावली. रीता वाढत होती. ती पहिल्यांदा इतकी बोलताना मी ऐकली. इथे मांडणी करीन, इथे शिलाई मशीन ठेवीन, मागे शेवग्याचं झाड लावीन. बबलूची बायको म्हणाली, आता टिनाखाली आमची शेळी बांधू, आणि रीतासकट सगळे हसले.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वर्षी भादव्यात पाऊस आठ दिवस थांबला नाही. मागच्या खोलीची फरशी एका कोपऱ्यात ओंजळीएवढी खचली. मग खिडकीपासून तिरपी भेग निघाली. मग दरवाजा लागेना. मी गेलो त्या दिवशी मागची भिंत इतकी कलली होती, की बाहेरून बल्ल्यांचे टेकू दिले होते. खाली उकरून पाहिलं. धोंडा होता. चांगला बैलगाडीएवढा आणि त्याच्या खाली, चहूबाजूंनी, ओला मलबा. घराचा पुढचा भाग धोंड्यावर होता, मागचा भाग कशावरच नव्हता.

रूपला तिथेच उभा होता. आता त्याच्या पायात डॉक्टरने दिलेले मऊ बूट होते आणि डाव्या पायाची दोन बोटं काढलेली होती. त्याने भेगेत हात घातला. मनगटापर्यंत गेला. त्याने तो बाहेर काढला, धोतराला पुसला आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, "सुटा होता." त्या दिवशी पहिल्यांदा तो हळू बोलला. मग तो घरी गेला. त्यानंतर वस्तीतली त्याची सकाळची चक्कर थांबली. लोक चांगले आहेत, कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. पण ओट्यावर चहाला हाकही मारली नाही. बाकीच्या तीस घरांतल्या लोकांनी आपापल्या भिंती निरखून पाहिल्या, त्या शाबूत होत्या, आणि ते आपापल्या कामाला लागले.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. प्रामाणिकपणे सांगतो, काहीच वाटलं नाही. टेप काढला, भेगेची लांबी घेतली, फोटो काढले, रिपोर्टचा मायना डोक्यात जुळवला. दुसरं घरकूल मिळणार नव्हतं. नाव एकदा चढलं, घर पूर्ण झाल्याची नोंद झाली, विषय संपला. हे रीताला सांगायचं काम माझ्याकडेच होतं.

ती पुढच्या खोलीत होती. सामान सगळं तिने तिथे ओढून घेतलं होतं. वाकळ, शिलाई मशीन, डबे. मी दारात उभं राहून सांगितलं. तिने ऐकलं. "व्हय," ती म्हणाली, "धरमसिंगभाऊ तेच सांगून गेले."

मग माझ्या तोंडून निघालं. का निघालं माहीत नाही. ते दडवून तरी आता काय राखायचं होतं? "रीताताई, त्या दिवशी काकांच्या पायात काच होती. त्यांना कळलं नव्हतं. मी..."

"मालूम हाय मले."

"काय माहीत आहे?"

"त्यायच्या पायाले समजत नाई, हे मले वर्षभर आधीपासून मालूम होतं. रोज संध्याकाळी मीच तं पाय धुवत होती. इस्तवावर पाय पडला तरी समजे नाई त्यायले."

मला तिचा राग आला. खरंच आला. तेवढं एक अंगात शिल्लक होतं. "मग बोलल्या का नाहीत? तुमचंच घर होतं! चार वर्षं माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलात त्यासाठी!"

तिने शिलाई मशीनवरचं ओलं फडकं उचललं, पिळलं आणि पुन्हा झाकलं.

"कशी बोलू साहेब? खदानवाल्यानं हाकलला तवापासून बा कितीक वर्ष भिताडाकडं तोंड करून बसेल होता. या टाचेनं त्याले उठवलं. मी त्याची लेक. गावासमोर त्याले सांगू, का बा, तुह्या पायात आता काई राह्यलं नाई? काच दिसली तवा मी तुमच्याकडंच पाह्यलं. तुमची नजर खाली गेली, तुमाले बी दिसली. म्या म्हणलं, बरं झालं, आता साहेब बोलतीन. सरकारी माणूस बोलला तं बाले वाईट नाई वाटत, घरी येऊन दोन शिव्या देल्ल्या असत्या तुमाले आन् जेवला असता. मी वाट पाह्यली साहेब. लखननं घण उचलला, तो वर जाईपर्यंत मी तुमच्या तोंडाकडं पाहत होती."